तौसुग विणकाम: पिस स्याबित आणि परांगच्या विणकर बायका

मनीलावासी (धागाकर्ता)

मागे इथेच कुणीतरी लिहिलं होतं की फिलिपिन्सचं पारंपरिक कापड म्हणजे अननसाच्या धाग्याचा तो पारदर्शक शर्ट. तो बारोंग. मनिलातल्या लग्नांत आणि सरकारी समारंभांत सगळीकडे तोच दिसतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण देशाच्या दक्षिण टोकाला मामला पार वेगळा आहे. तिथल्या कापडांपैकी मला सगळ्यात आवडणारं म्हणजे तौसुग लोकांचं पिस स्याबित. त्यावर मराठीत काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हा धागा.

मिंदानाओ या दक्षिणेकडच्या मोठ्या बेटाच्या पश्चिम टोकापासून बोर्निओपर्यंत बेटांची रांग गेली आहे: बासिलान, मग होलो, मग तावी-तावी. होलो हे तौसुगांचं मुख्य ठाणं. लोक दर्यावर्दी आणि व्यापारी, धर्म इस्लाम. पंधराव्या शतकापासून इथे सुलूच्या (सुलू म्हणजे हाच बेटांचा भाग) सुलतानांची गादी होती आणि तीनशे वर्षं खटपट करूनही स्पॅनिशांना ही बेटं धड ताब्यात घेता आली नाहीत.

पिस म्हणजे पुरुषांचं चौकोनी वस्त्र, साधारण एक मीटर लांब-रुंद. डोक्याला बांधायचं, खांद्यावर टाकायचं, नाहीतर क्रिस नावाच्या तलवारीच्या मुठीला गुंडाळायचं. वापरणार पुरुष, विणणार बायका.

पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "काय सुंदर भरतकाम आहे!" ते भरतकाम नाही. आधी कापड विणलं आणि मग त्यावर नक्षी काढली, असा प्रकारच नाही. नक्षी आणि कापड एकाच वेळी तयार होतं. बाण्याचा, म्हणजे आडवा, एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. लाल चौकटीपुरता लाल धागा जातो आणि तिथूनच परत फिरतो, शेजारच्या पिवळ्या तुकड्याचा पिवळा धागा वेगळा, त्याच्या पलीकडचा हिरवा वेगळा. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून मध्ये फट राहत नाही. एका आडव्या ओळीत असे कितीतरी तुकडे, आणि प्रत्येक तुकडा बोटांनी भरायचा.

माग कमरेचा. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक घराच्या खांबाला किंवा भिंतीला, दुसरं विणणारीच्या कमरेला पट्ट्यानं बांधलेलं. ती जमिनीवर पाय लांब करून बसते. मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल. फ्रेम, पेडल काही नाही, ताण सगळा अंगावर.

या कलेतलं सर्वांत ठाऊक असलेलं नाव दारहाता सवाबी यांचं. होलो बेटावरच्या परांग गावच्या. आईचं बघून शिकल्या, लग्न केलं नाही, शेतीचं काम कधी शिकवलंच गेलं नव्हतं, त्यामुळे विणकाम हेच पोटापाण्याचं साधन. नुसता ताणा लावायला त्यांना तीन दिवस लागत. बांबू आणि केळीच्या चौकटीवर काळे आणि लाल धागे ओढत बसायचं, अत्यंत कंटाळवाणं काम. मग खरं विणकाम. समोर कागद नाही, आखणी नाही, नक्षी सगळी डोक्यात. ३९ बाय ४० इंचांचा एक पिस व्हायला सुमारे तीन महिने. म्हणजे दिवसाला जेमतेम एक सेंटिमीटर! २००४ मध्ये त्यांना गावाद सा मान्लिलिखा नांग बायान हा पारंपरिक कलाकारांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि २००५ मध्ये त्या गेल्या.

अजून बरंच आहे, पण आधी तुम्ही बोला.

शेवगा

वाचतेय. फोटो कुठायत?

मनीलावासी

फोटो माझे नाहीत म्हणून टाकले नाहीत. नेटवर ‘पिस स्याबित’ शोधा, लगेच मिळतील. फक्त एक सूचना: जे दिसेल त्यातलं निम्मं मशीनचं भरतकाम असेल आणि उरलेल्यातलं बरंचसं बासिलानच्या याकान लोकांचं. मधोमध मोठा शंकरपाळी आकार, त्याच्या पोटात लहान लहान चौकटी, प्रत्येक आकाराला वेगळ्या रंगाची बारीक कड, आणि डावं-उजवं, वर-खाली सगळं आरशासारखं जुळलेलं. असं दिसलं की थांबा.

येवल्याचा_जावई

सासरी तीन पिढ्या पैठणी विणतात, त्यामुळे धागाकर्त्यानं केलेलं वर्णन वाचताना मी चाटच पडलो. हे तंत्र आमच्याकडचंच की! पैठणीच्या पदरातला मोर असाच होतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, मोराच्या मानेपुरता निळा धागा जातो आणि परततो. शेजारच्या जरीत अडकवून पुढे जायचं. म्हणून खरी पैठणी उलटी केली तरी मोर मोरच दिसतो.

आता फरक. आमचा माग खड्ड्याचा. पाय खाली, पावड्या (पेडल) पायांनी दाबायच्या, हात मोकळे, ताण मागाच्या तुरीवर, म्हणजे कापड गुंडाळायच्या दांड्यावर. दुसरं, पैठणीत हे कष्टाचं काम पदरात आणि काठात. मधलं अंग धोट्यानं (बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनानं) सरसर विणून होतं, फार तर बुट्ट्या. काठ अंगाला जोडायला तीन धोटे चालवावे लागतात, पण तरी वेग असतो. इथे तर चारही कोपऱ्यांपर्यंत नुसता पदर आहे. विश्रांतीची जागाच नाही.

तिसरं म्हणजे कागद. सासरे आलेखाच्या कागदावरून घरं मोजतात. आजेसासरे म्हणे पाठ विणायचे. पण पाठ म्हटलं तरी वेलबुट्टी तीच तीच येत असते. पूर्ण मीटरभर चौकोन, तोही डावा-उजवा जुळलेला, नुसता स्मरणावर विणायचा म्हणजे मोजणीची कमाल आहे. पहिली ओळ चुकली तर तीन महिन्यांनी समजणार.

मला एक विचारायचंय. त्या रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवतात, की दोन्ही एकाच उभ्या धाग्याला वळसा घालतात? दोन्हीत कड वेगळी दिसते. पहिल्यात स्वच्छ, दुसऱ्यात करवतीच्या दात्यांसारखी.

मनीलावासी

जावईबापू, पहिलं. बाणे एकमेकांत अडकवतात. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात कापडांचं कायमचं दालन आहे, तिथे काचेला नाक लावून बघितलं तर रंगांची शिवण सरळ दिसते. तिरप्या रेघा मात्र पायऱ्यापायऱ्यांनीच चढतात.

इचलकरंजीकर

सगळं छान आहे हो, पण हिशेब कुणीतरी मांडायला हवा. एका पिसाला सवाबीबाईंना किती मिळायचे?

मनीलावासी

त्यांना सन्मान मिळाला त्या सुमारास एका पिसाचे साधारण २००० पेसो.

इचलकरंजीकर

म्हणजे त्या वेळच्या भावानं सोळाशे-सतराशे रुपये. तीन महिन्यांचे. दिवसाचे अठरा-एकोणीस. सुताचा खर्च त्यातूनच जाणार. माझ्या वडिलांच्या मागावर कांड्या भरणाऱ्या मुलालाही तेव्हा याहून जास्त मिळायचे. राग मानू नका, पण अशा वेळी "केवढी थोर कला" म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणारा विणत नसतो.

ही नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रमागावर, घालायला कितीसा वेळ लागेल? चौकोन आणि पायऱ्या, म्हणजे आकार सगळ्यात सोपे. दोन दिवसांत डिझाईन, मग तासाला कितीतरी मीटर.

येवल्याचा_जावई

दादा, जॅकार्डवर आकार येईल, हे कापड येणार नाही. मशीनमध्ये रंगाचा धागा पूर्ण रुंदीभर धावतो आणि नको तिथे मागे लोंबत राहतो. मागून ती जाळी दिसते, कापड जाड होतं. "सेमी पैठणी" उलटी करून बघा, आमच्या बाजारात भरपूर आहेत. पिस घड्या घालून डोक्याला बांधायचा असतो, आतली बाजू कुठूनही बाहेर येणार. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर ते शोभणारच नाही.

बाकी मजुरीबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. येवल्यात वेगळं काही नाही. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, दुकानांच्या पाट्या मोठ्या झाल्या. मागावर बसणाऱ्याच्या हातात किती पडलं ते तिथे जाऊन विचारा.

सायली_त

मनीलावासी, रंगांचे आणि आकारांचे अर्थ काय? लाल म्हणजे शौर्य, हिरवा म्हणजे इस्लाम, पिवळा म्हणजे राजघराणं असं एका ठिकाणी वाचलं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हवंय, तक्ता असेल तर बरं.

मनीलावासी

सायली, तुझा हिरमोड करतोय, पण असा तक्ता मी देणार नाही. अशा याद्या बहुतेक वेळा दुकानाच्या माहितीपत्रकासाठी जन्माला येतात. गिऱ्हाईकाला गोष्ट हवी असते, मग लाल रंगाला शौर्य चिकटवलं जातं. हे विणणाऱ्यांना "याचा अर्थ काय?" विचारण्यापेक्षा "हा कुणासाठी? कधी वापरणार?" विचारावं असं माझं मत आहे. अर्थ तिथे आहे.

बघ ना, एकच चौकोन डोक्यावर असतो तेव्हा तो पोशाखाचा भाग. खांद्यावर घडी घालून टाकला की ऐपत आणि मान दिसतो. तलवारीच्या मुठीला बांधला की तोच शस्त्राचा शृंगार. लग्नात नवरदेवाच्या अंगावर, समारंभात भिंतीवर. वापरानुसार पिसाची पत बदलते, आकार तोच राहतो. तीन महिन्यांचं काम अंगावर घेऊन माणूस चारचौघांत येतो, तेव्हा बघणाऱ्या तौसुगाला शंकरपाळीचा अर्थ सांगावा लागत नाही. हे कुठल्या घरात विणलं असेल आणि किती बारीक आहे, एवढं तो एका नजरेत ओळखतो.

पूर्ण पोशाखात पिस एकटा नसतो. कमरेला लांबलचक विणलेला पट्टा, त्याला कांदित म्हणतात. क्रिस त्यातच खोचतात. खाली ढगळ पायजमा. बायकांकडे सोन्याची बटणं लावलेला अंगाबरोबरचा ब्लाऊज आणि दोन्ही तोंडं उघडी असलेल्या गोणीसारखं नळीचं नेसणं. ते अंगभर, कमरेला, खांद्यावर कसंही घेता येतं.

सायली_त

पण मग फक्त भूमितीच का? इस्लाममध्ये माणसं-प्राणी काढत नाहीत म्हणूनच ना?

मनीलावासी

अर्धंच खरं. माणसं-प्राणी नाहीत हे धर्माला धरून आहे. पण पानं-वेली काढायला कुठे बंदी आहे? तौसुग सुतार लाकडावर आणि कबरीच्या खुणांवर जी नक्षी कोरतात ती सगळी वळणावळणाची, त्याला उक्किल म्हणतात. समारंभात डोक्यावर बांधायच्या छताला लुहुल म्हणतात, त्यावर कापडाचे तुकडे शिवून भलंथोरलं झाड काढतात, फांद्या वळलेल्या, पानं फुललेली. म्हणजे त्याच गावात कात्रीला वळण जमतं, छिन्नीला जमतं, मागावर मात्र सगळं सरळ आणि पायऱ्यांचं.

कारण माग मोजणीवर चालतो. जाडसर सुतात वळण काढायला गेलं की दाते दिसायला लागतात. दक्षिण मिंदानाओतले मुसलमान नसलेले विणकर, त्बोली असोत की बागोबो, त्यांची कापडंही बहुतेक भौमितिकच आहेत. मग सगळं श्रेय धर्माला कसं देणार?

येवल्याचा_जावई

+१. बांगडी मोराची मान भिंगाखाली बघा, तिथेही पायऱ्याच आहेत. रेशीम बारीक म्हणून डोळा फसतो.

इतिहासवेडा

विषय आवडीचा असल्यामुळे राहवत नाही. होलोला "कोपऱ्यातलं बेट" समजू नका. १४१७ मध्ये सुलूचा एक राजा लवाजम्यासह चीनच्या योंगल सम्राटाच्या भेटीला गेला आणि परतीच्या वाटेवर शांतुंग प्रांतात देझोऊ इथे वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. चिनी रेशीम या बेटांवर इतक्या जुन्या ओळखीचं आहे. जुने उत्तम पिस रेशमाचे असायचे ते उगाच नाही.

अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्यात आणखी गंमत. चीनच्या कँटन बंदरातला चहा विकत घ्यायला इंग्रजांना चिनी लोकांना आवडणारा माल हवा होता. तो माल म्हणजे समुद्री काकडी, मोत्याचे शिंपले, पाकोळ्यांची घरटी. हे सगळं सुलूत मिळायचं. मग बंगालहून निघालेली खासगी इंग्रज जहाजं होलोला लागायची आणि बदल्यात द्यायची बंदुका, अफू आणि भारतीय सुती कापड. आपल्याकडचं सूत आणि मलमल होलोच्या बाजारात उतरत होती.

या व्यापाराची एक काळी बाजूही आहे. ती काकडी आणि शिंपले गोळा करायला माणसं लागायची, आणि ती आजूबाजूच्या बेटांवर धाडी घालून गुलाम म्हणून धरून आणली जायची. सुलतानी वैभवाबद्दल बोलताना हे विसरू नये.

चहाटळ

म्हणजे बंगालचं कापड, चीनचं रेशीम, इंग्रजांची बंदूक, आणि तलवारीला बांधायला घरच्या बाईनं तीन महिने खपून विणलेला रुमाल. पुरुषांची चैन सगळीकडे सारखीच.

मनीलावासी

चहाटळ, वाक्य चांगलं आहे, पण सवाबींच्या बाबतीत थोडं उलटंही आहे. विणकामामुळेच त्यांना भाचे-पुतण्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही. पैसे थोडे, पण स्वतःचे. गावातल्या मुलींना त्यांनी शिकवलं ते याच हिशेबानं, की घर न सोडता करता येण्यासारखा हा धंदा आहे. त्यांच्या हयातीतच काही शिष्या पुढे स्वतः शिकवायला लागल्या होत्या.

आणि हे कुठल्या काळात, तेही बघा. सत्तरच्या दशकात सुलूत सरकारी फौजा आणि मोरो (दक्षिणेकडचे मुसलमान) बंडखोर यांची लढाई पेटली. फेब्रुवारी १९७४ मध्ये होलो शहर जळालं. सवाबींच्या कुटुंबाला दोनदा घर सोडून आत रानात आसरा घ्यावा लागला. कमरेच्या मागाचा एक फायदा लक्षात घ्या: कापड अर्धवट असतानाही दांड्यांसकट गुंडाळून काखोटीला मारता येतं. खड्ड्याचा माग कोण उचलणार?

इचलकरंजीकर, तुमचा हिशेब मी नाकारत नाही. तो फिलिपिन्स सरकारलाही कळलेला दिसतो. ज्या कायद्यानं हा सन्मान सुरू झाला तो १९९२ चा. त्यात नुसतं पदक नाही, दरमहा मानधन आहे, आणि त्याबरोबर पुढच्या पिढीला शिकवण्याची अपेक्षा. २००४ मध्ये त्याच भागातल्या, तावी-तावीच्या हाजा अमिना अप्पी यांनाही तो मिळाला, चटया विणण्यासाठी. पण मानधन एका बाईला, आणि गावात विणणाऱ्या कितीतरी. बाकीच्यांचा भाव बाजारच ठरवतो.

इचलकरंजीकर

हे पटलं. माझा मुद्दा कलेविरुद्ध नव्हताच. माग विकून टाकणाऱ्या माणसाला लोक "परंपरा सोडली" म्हणून दोष देतात, त्याचा राग येतो एवढंच.

आणखी एक शंका. गिऱ्हाईक कोण आहे? डोक्याला पिस बांधून रोज फिरणारे किती उरलेत?

मनीलावासी

रोज बांधणारे फारसे नाहीत. लग्नं, सण, नाच आणि अधिकृत समारंभ यांत तो टिकून आहे. बाकी पिशव्या, जाकिटं, उशांचे अभ्रे, भिंतीवरच्या चौकटी. मनिलाचे फॅशनवाले तुकडे कापून कोटाच्या कॉलरला लावतात. मला ते कापणं बघवत नाही, कारण जुळणी मधल्या बिंदूवरून चारी बाजूंना केलेली असते आणि कात्री लागली की ती मोडते. पण त्यातून परांगला पैसा पोचत असेल तर मी नाक मुरडणारा कोण.

डोंबिवलीची_आई

माझी मुलगी दावाओला डॉक्टरकी शिकतेय. इतकं वाचून एक पिस घ्यावासा वाटतोय. तिला दावाओत मिळेल का? आणि खरा-खोटा कसा ओळखायचा? घरी आल्यावर धुवायचा कसा?

मनीलावासी

ताई, दावाओत दक्षिणेकडची कापडं भरपूर मिळतील, पण त्यात त्बोलींचं काळपट-लाल त्'नालाक, इतर जमातींचं विणकाम आणि याकानांचं रंगीत कापड जास्त. पिस मिळायची खरी शक्यता झांबोआंगात, म्हणजे मिंदानाओच्या पश्चिम टोकाच्या शहरात. तिथेही थोडं जपून, कारण शहराबाहेर याकान विणकरांची वसाहत आहे आणि पर्यटक तिथेच जातात. ही कुटुंबं सत्तरच्या दशकातल्या त्याच लढाईत बासिलान सोडून आली. त्यांचं कामही अप्रतिम आहे, अंबालांग आउसालिन या याकान बाईंना २०१६ मध्ये तोच राष्ट्रीय सन्मान मिळाला. तिथे जे आवडेल ते जरूर घ्या, फक्त ते याकान म्हणून घ्या. मुलीला एकटीला होलोला पाठवू नका. खरेदीसाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही.

ओळखायचं असं: आधी उलटं करा. मागे धाग्यांची लोंबती जाळी असेल तर मशीन. मूळ कापड वेगळं दिसत असून त्यावर टाके उठलेले असतील तर भरतकाम, तेही हातानं केलेलं असू शकतं, पण ते पिस स्याबित नाही. मागची बाजू पुढच्यासारखीच निघाली तर दुकानदाराशी बोला, आणि कुणी विणलं, कुठल्या गावचं, हे विचारा. सांगता आलं नाही तर भाव पाडायचं थांबवा आणि बाहेर पडा. सांगता आलं तर घासाघीस करू नका.

येवल्याचा_जावई

धुण्याचं मी सांगतो. रंग पक्का आहे की नाही हे कळेपर्यंत पाण्यात घालूच नका. कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून बघा, लाल उतरला तर कायमचं विसरा. मलमलीत गुंडाळून ठेवा, दर दोन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच धागा तुटतो. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. आणि हँगरवर तर अजिबात नको, स्वतःच्या वजनानं ताणलं जातं.

डोंबिवलीची_आई

मुलीला हा धागा पाठवलाय. ती म्हणतेय तिच्या वर्गात झांबोआंगाची एक तौसुग मुलगी आहे, तिच्या आजीकडे जुना पिस आहे आणि तो विकायचा नाहीये.

मनीलावासी

मग विकत घ्यायचं नंतर बघा. आधी आजीला विचारायला सांगा की तो कुणासाठी विणला होता. उत्तर आलं की इथे टाका, सायलीच्या प्रोजेक्टलाही उपयोगी पडेल.